मागून येणाऱ्याने हाक द्यावी

(द्वितीय वर्ष, कला)

जिमखान्याच्या नोटीसबोर्डावर कागद लागला आहे. येत्या डिसेंबरात आपल्या कॉलेजची सायकल-फेरी निघणार. पाचगणीहून वेण्णा तलावापर्यंत जायचे, तिथे पर्यावरणाची शपथ घ्यायची आणि परत यायचे. नावे देणाऱ्यांची यादी साठापर्यंत गेली आहे. माझेही नाव तीत आहे, तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते फेरीच्या विरोधात आहे असा कोणी समज करून घेऊ नये. सायकलमुळेच मी कॉलेजात येतो. मामेभावाने पुण्यात नोकरी लागल्यावर आपली जुनी सायकल मला दिली नसती तर रोजच्या एस. टी. च्या भाड्यापायी माझे पहिले वर्षच पुरे झाले नसते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि ती पायरी मी सायकलवरून उतरून चढलो!

पण त्या कागदाखाली सूचना दिल्या आहेत त्या मी दोनदा वाचल्या. ब्रेक तपासून आणावेत. पाण्याची बाटली असावी. हेल्मेट असल्यास घालावे. मोबाईलवर बोलत सायकल चालवू नये. एका ओळीत चालावे. सगळे बरोबर आहे. फक्त ज्या रस्त्यावरून आपण साठ जण जाणार, त्या रस्त्यावर सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान कोण कोण चाललेले असते याचा उल्लेख त्यात कुठेच नाही. त्या वेळेला गावोगावचे घोडेवाले आपापली घोडी घेऊन वेण्णा तलावाकडे निघालेले असतात. कोणी एकावर बसून दुसरे हाताशी धरलेले असते, कोणी दोन्ही लगाम धरून पायी चालत असतो. मोटारींना ही गोष्ट ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक असूनही दिसत नाही, कारण आपण सायकलवाले स्वतःला निरुपद्रवी प्राणी समजतो. धूर नाही, आवाज नाही, कुणाला त्रास नाही. यांतले ‘आवाज नाही’ हेच नेमके घोड्याच्या दृष्टीने वाईट आहे, आणि ते मला कळायला एक मनगट मोडावे लागले. ते मनगट माझे नव्हते.

हे सांगावे की न सांगावे यावर मी बरेच दिवस घालवले. सांगितल्याशिवाय पुढचे लिहिणे ढोंगीपणाचे होईल, म्हणून सांगतो.

माझे वडील घोडेवाले आहेत. हे वाक्य मी पहिल्या वर्षात एकदाही उच्चारले नव्हते. कुणी विचारले तर ‘आमचा पर्यटनाचा व्यवसाय आहे’ असे मी म्हणत असे, आणि ते अगदीच खोटे नसल्यामुळे मला त्यात चातुर्य वाटे. आमच्याकडे दोन जनावरे आहेत: मैना नावाची कुमेत घोडी आणि बादल नावाचे तट्टू. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका रविवारी मी आणि वर्गातले दोन मित्र सायकलींवरून महाबळेश्वरला निघालो. त्यांच्या सायकली गिअरच्या, माझी जुनी. पण उतारावर सगळ्या सायकली सारख्याच. आमचे गाव मागे टाकल्यावर सिल्व्हर ओकच्या झाडीतला उतार लागतो. तिथे पुढे दीडेकशे पावलांवर मला मैनेची शेपूट दिसली. तिच्यावर आबा बसलेले, बादल डाव्या हाताशी.

मित्र म्हणाला, “हा घोडेवाला बघ कसा चाललाय.” वास्तविक आबा अगदी डाव्या कडेने चालले होते. मी काही बोललो नाही. हाक मारायची तर काय मारणार? “आबा, मागनं येतोय” एवढेच म्हणायचे होते, पण ते म्हटले असते तर हे माझे वडील आहेत हे दोघांना कळले असते. म्हणून मी ब्रेक सोडला. मान खाली घालून झपकन पुढे निघून जावे, आबांनी ओळखले तरी मित्रांना कळू नये, असा माझा बेत होता. मैनेच्या अगदी हातभर अंतरावरून मी गेलो असेन.

मैना बुजली. एकदम डावीकडे सरकली ती बादलच्या अंगावर. बादलने झटका दिला आणि आबा दोघांच्या मधून खाली आले. उजवा हात खाली टेकला तोच मनगटात मोडला. मैना खोगिरासकट पुढे पळाली, तिला एका स्ट्रॉबेरीवाल्याने धरले. आम्ही तिघेही थांबून मागे धावलो. आबांनी वर पाहिले. माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मित्रांकडे पाहिले, आणि म्हणाले, “काय न्हाय पावनं, माकड आडवं आलं.”

पावनं! पोटच्या पोराला आबा ‘पावनं’ म्हणाले, कारण पोराला काय हवे होते ते त्यांना कळले होते. त्यानंतरही माझ्या तोंडून ‘आबा’ ही दोन अक्षरे निघायला दोन-तीन क्षण लागले. ती शेवटी निघाली, एवढेच माझ्या बाजूने सांगण्यासारखे आहे. आबा दवाखान्यातही माकडाचीच गोष्ट सांगत राहिले.

सहा आठवडे हात प्लास्टरात होता. नाताळचा हंगाम चुलत्याने निम्म्या वाट्यावर केला. दुसऱ्या सहामाहीचे पैसे पतपेढीतून काढावे लागले. हे रडगाणे म्हणून सांगत नाही. एका न मारलेल्या हाकेची किंमत किती होते, तो हिशेब फक्त मांडला. मैनेवर त्या वेळी आबांच्या जागी कुणा पाहुण्याचे पाच वर्षांचे मूल असते तर हा हिशेब मांडायला मी आज इथे बसलोच नसतो.

त्या सहा आठवड्यांत मी आबांकडून जेवढे शिकलो तेवढे एकोणीस वर्षांत शिकलो नव्हतो. खरारा मी करायचा, चंदी मी घालायची आणि आबांनी कट्ट्यावर बसून बोलायचे. मी विचारले, एस. टी. एवढी मोठी, धडधडत अंगावरून जाते तेव्हा मैना कान हलवून उभी राहते. मग सायकलीला कशी बुजली? आबा म्हणाले, “आरं, यष्टी लांबनं वरडत येती. काय येतंय त्ये घोडीला आधीच कळतं. तुजी सायकल मांजरीवानी येती.”

पुढे वाचनालयात याविषयी शोधले तेव्हा आबांच्या मांजरीत पुष्कळ शास्त्र आहे असे दिसून आले. घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे ३६० अंशांपैकी जवळजवळ ३५० अंश त्याला मान न वळवता दिसतात. दिसत नाही ते फक्त कपाळासमोरचे थोडे आणि बरोबर शेपटीमागचे. म्हणजे आपण ज्या रेषेत मागून येतो, नेमकी तीच आंधळी रेषा! ती उणीव तो कानांनी भरून काढतो. मागे काय आहे ते ऐकायला कान मागे फिरवतो. मोटारीचा आवाज त्याच्या ओळखीचा झालेला असतो. पण काहीच ऐकू न येता एकाएकी डोळ्याच्या कडेला काही हलते, झपाट्याने वाढते, तेव्हा त्याच्या हजारो पिढ्यांनी त्याला एकच शिकवलेले असते: आधी पळ, विचार मग कर. त्यातून आपण हँडलवर वाकलेलो असतो, डोक्यावर हेल्मेटचे टोपडे. माणसाचा आकारसुद्धा धड राहत नाही. दाट झाडीतला उजेड-सावलीचा पट्टा तर आणखी वाईट, कारण उजेडातून सावलीत गेल्यावर घोड्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. मी मैनेला गाठले ते अशाच ठिकाणी.

आता वेगाचे पाहा. उतारावर सायकल ताशी ३६ किलोमीटर सहज जाते, म्हणजे सेकंदाला १० मीटर. घोडा चालीने ताशी सहाएक किलोमीटर. दहा मीटरवर येऊन हाक मारली तर घोड्याला आणि घोडेवाल्याला मिळून एकच सेकंद मिळतो. त्या सेकंदात माणूस फार तर “काय?” म्हणू शकतो. तेव्हा हाक निदान चाळीस-पन्नास मीटरवरून हवी, आणि ती मारताना वेगही उतरायला हवा. हाक मारली म्हणून त्याच वेगात घुसण्याचा परवाना मिळाला असे नाही.

घंटी की हाक, यावर आमच्या वर्गात वाद झाला. माझे मत हाकेच्या बाजूने आहे. घंटीही चालते, लांबून वाजवली तर उत्तमच. काही नसण्यापेक्षा ती केव्हाही बरी. पण जवळ येऊन खणाणा वाजवलेली घंटी जनावराला दचकवते आणि माणसाला डिवचते. आपल्याकडे घंटीचा अर्थ ‘मी आलोय’ असा होत नाही, ‘हट’ असा होतो. हाकेत माणूस असतो. घोड्याला माणसाचा आवाज ओळखीचा, त्या आवाजाने त्याला दाणा दिलेला असतो. माझे आजोबा वाईत टांगा हाकत. पुढे चालणाऱ्याला ते “बाजूऽऽ” अशी हाळी देत, आणि त्या हाळीत इतकी आर्जवे असत की लोक बाजूला होताना रामराम करीत. बैलगाडीच्या घुंगुरमाळांनाही आपण शोभा समजतो. रात्री आंधळ्या वळणावर त्या कशासाठी असत हे गाडीवानाला विचारावे.

‘काय म्हणून हाक मारायची?’ असे एकाने मला खरोखर विचारले. “मामा, सायकल! उजवीकडनं येतोय!” इतके पुरे. मामा नको असेल तर दादा म्हणा, काका म्हणा. घोडेवाला वळून पाहील, लगाम आवळील, हात वर करील. मगच पुढे जायचे, तेही उजवीकडून, आणि पुरते अंतर ठेवून. घोडा मागचा पाय झाडील तर तो पोचू नये एवढे तरी. डाव्या बाजूला दरड आणि घोडा यांच्यामध्ये फट दिसते, तिच्यात कधीच शिरू नये. घोडा तिकडेच सरकतो. पुढे गेल्यावर लगेच त्याच्या तोंडासमोर वळायचे नाही. त्याने हात वर न करता ‘थांब’ अशी खूण केली तर थांबायचे. अर्धा मिनिट जातो. पन्नास लोकांच्या रांगेत आपण चहासाठी याहून जास्त थांबतो.

साठ सायकलींची गोष्ट मात्र एका सायकलीहून वेगळी आहे, आणि म्हणूनच हा लेख या अंकात लिहितो आहे. एक सायकल गेली, घोडा सावरला; तोच दुसरी, मग तिसरी. घोडेवाल्याला मागे अजून किती आहेत हे कळायला मार्ग नाही. शिवाय घोडा कळपातला प्राणी, बाजूने रांगच्या रांग धावत निघाली की त्यालाही धावावेसे वाटते. पुण्या-मुंबईहून येणारे सायकलवाल्यांचे गट मी पाहिले आहेत. त्यांतले कित्येक फार सभ्य आहेत, एक-दोन गटांतला पुढचा माणूस ओरडून सांगतो, “मागे बारा आहेत हां!” आणि शेवटचा सांगतो, “मी शेवटचा!” एवढ्याने आबांचे निम्मे काम होते. कित्येक मात्र गप्पा मारीत दोघे-दोघे शेजारून येतात आणि घोड्याच्या दोन्ही बाजूंनी फुटून पुढे जातात. त्यांना राग आला नसावा, घाईही नसावी. घोड्याला पाठीमागे डोळे नाहीत एवढेच त्यांना ठाऊक नसते.

कायद्याचे पाहावे म्हणून मी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात शोधले. त्याच्या १३२ व्या कलमात एक मोठी माणुसकीची तरतूद आहे. जनावर बिथरले आहे किंवा वाहनामुळे बिथरेल असे वाटून जनावराच्या धन्याने थांबायला सांगितले, तर मोटार चालवणाऱ्याने थांबलेच पाहिजे. किती घोडेवाल्यांना हा आपला हक्क ठाऊक आहे? आबांना नव्हता. मी वाचून दाखवल्यावर ते बराच वेळ हसले. “आमी हात केल्यावर कोन थांबतंय?” म्हणाले. पण त्या कलमातली दुसरी गंमत मला जास्त बोचली: ते मोटार वाहनाला लागू आहे. सायकल मोटार वाहन नाही. म्हणजे दहा टनांच्या एस. टी. ने आबांच्या हातासाठी थांबायचे आणि मी थांबायचे की नाही, हे माझ्या मर्जीवर.

इंग्लंडात, जिथे घोड्यावरून फिरण्याची हौस अजून पुष्कळ टिकून आहे, तिथे हा प्रश्न फार जुना आहे. १८६५ सालच्या कायद्याने तिथे वाफेच्या गाडीपुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालवावा लागे, येणाऱ्या घोड्यांना सावध करण्यासाठी. १८८८ साली तर सायकलवाल्यालाच सांगितले गेले की घोडा, गाडी किंवा पायी माणूस ओलांडण्यापूर्वी घंटी वाजवून, शिट्टीने किंवा अन्य रीतीने पुरेशी सूचना द्यायला हवी. तो नियम पुढे गेला, पण २०२२ च्या जानेवारीत तिथल्या हायवे कोडमध्ये सुधारणा झाल्या. त्यांत मोटारींनी घोड्याजवळून ताशी १० मैलांच्या आत, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरच्या आत, आणि निदान दोन मीटर अंतर ठेवून जावे असे सांगितले आहे. सायकलवाल्यांनी घोडेस्वाराच्या जवळून किंवा वेगाने, विशेषतः मागून, जाऊ नये, त्याच्या डावीकडून जाऊ नये, घंटीने किंवा सभ्यपणे हाक मारून आपण आल्याचे कळवावे, असेही सांगितले आहे. तिथेही वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, म्हणून हे नियम आपल्याला जसेच्या तसे लागू पडतात. फरक एवढाच की तिथे घोड्यावर बसलेला माणूस बहुधा हौसेने बसलेला असतो, आणि आपल्याकडे पोटासाठी. हौशी माणसासाठी दोन मीटर सोडायचे तर पोटासाठी चाललेल्याला किती सोडावेत?

एका सरांनी मला वेगळाच प्रश्न केला. ते म्हणाले, “रस्त्यावर घोडीच का हवीत? २०१५ साली मुंबईतल्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. उद्या इथेही तेच होईल.” सरांविषयी मला आदर आहे आणि जनावराचे हाल होत असतील तर ते थांबले पाहिजेत याबद्दल माझे दुमत नाही, पाठीला जखम असलेल्या घोड्यावर खोगीर टाकणारे आमच्यातही आहेत आणि आबा त्यांच्याशी भांडतात. पण घोडी कुठे जाणार हा प्रश्न सुटेपर्यंत ती रस्त्यानेच जाणार. तलावाकडे जायला त्यांना दुसरी वाट ठेवलेलीच नाही. आणि एक गोष्ट मला गमतीची वाटते. २०२३ पासून आपल्याला राज्यगीत आहे. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो तेव्हा आपण सगळे ताठ उभे असतो. तेच तट्टू रस्त्यात पुढे आले की आपल्याला अडचण होते!

घोडेवाल्यांचेही चुकते, हे मी आबांच्या समोर बोललो आहे, तेव्हा इथे बोलायला हरकत नाही. दोघे घोडेवाले शेजारी-शेजारी गप्पा मारीत अर्धा रस्ता अडवतात. कानाला मोबाईल लावून लगाम ढिला सोडतात. धुक्यात काळा घोडा दहा पावलांवरसुद्धा दिसत नाही, तरी त्याच्या खोगिराला चकाकणारी पट्टी कुणी लावीत नाही. मी मैनेच्या शेपटीखालच्या पट्ट्याला आणि आबांच्या जॅकिटाला एक-एक पट्टी शिवली. आबांनी आधी ‘लग्नातली घोडी करतोस का’ म्हणून चेष्टा केली, पण काढली नाही. नवखे जनावर गर्दीच्या दिवशी रस्त्यावर आणणे हीही चूकच. बादलला मी रोज संध्याकाळी अंगणात सायकल दाखवतो. आधी उभी, मग हातात धरून चालवत, मग बसून. सहा आठवड्यांत तो इतका सरावला की आता सायकलीच्या सीटचे रेक्झिन खातो.

जिमखान्याच्या सरांना मी एक विनंती केली आहे. फेरीच्या आधी एके दिवशी नाव दिलेल्या सर्वांनी तलावाकडच्या मैदानात अर्धा तास यावे. मी मैनेवर बसेन, आबा बादलला धरतील आणि एकेकाने मागून सायकलवर यावे, हाक मारून आणि मग हाक न मारता, दोन्ही प्रकारे. दुसरा प्रकार अर्थात पुष्कळ अंतरावरून आणि सावकाश. मैनेचे कान कधी फिरतात ते प्रत्येकाने स्वतः पाहावे. ज्यांना हवे त्यांनी पाच मिनिटे खोगिरावर बसून मागून सायकल येऊ द्यावी. पाठीमागून काही येते आहे आणि काय ते कळत नाही, हे वर बसल्याशिवाय कळत नाही. फेरीच्या दिवशी दहा-दहाचे गट करावेत, प्रत्येक गटाच्या पुढच्याने हाक द्यावी, शेवटच्याने ‘शेवटचा’ म्हणून सांगावे, हे सरांनी मान्य केले आहे आणि नोटीशीत घालतो म्हणाले आहेत.

आबांनाही विचारले. “तुजी कॉलेजातली पोरं येनार? मंग माजी वळख काय सांगनार तू?” त्यांनी विचारले. मी म्हटले, हे माझे वडील, असे सांगणार. आबा मैनेचा तंग आवळीत होते, ते आवळून झाल्यावर म्हणाले, “बरं. पर रविवार सोडून कवाबी. रविवारी धंदा आसतो.”